ब्राउझर आपला, निवड कोणाची?

घरातल्या संगणकावर तुम्ही कोणता ब्राउझर वापरता, असा प्रश्न मी गेले काही महिने भेटेल त्याला विचारीत आहे. बहुतेकांचे उत्तर 'गूगल' असे येते. काही जण 'आम्ही इंटरनेटच वापरतो' म्हणतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी 'ते मशीनबरोबर आलेच होते' असे सांगितले आणि माझ्या मते सर्वांत अचूक उत्तर त्यांचेच होते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारे आणि एका साडीसाठी चार दुकाने पालथी घालणारे आपण लोक. पण ज्या खिडकीतून रोज तासन् तास जग पाहतो आणि ज्या पेटीत बँकेची विवरणे, विम्याचे कागद, परदेशातल्या मुलांची पत्रे येऊन पडतात, ती खिडकी आणि ती पेटी मात्र कोणीतरी बसवून दिली तशीच वापरीत राहतो.

ब्राउझरला काही मराठीप्रेमी 'न्याहाळक' म्हणतात आणि ईमेलला 'विरोप'. दोन्ही शब्द मला आवडतात. पण 'न्याहाळक बंद कर आणि जेवायला ये' असे घरात म्हणण्याचे धाडस अजून झालेले नाही. तेव्हा येथे रूढ शब्दच वापरतो. मी संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे शेवटी कोणाच्या खात्यातून वळते होतात, हे पाहण्याची सवय बँकेने लावली आणि ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

बँकेच्या धंद्यात एक गोष्ट शिपायापासून सरव्यवस्थापकापर्यंत सर्वांना ठाऊक असते. एकदा खाते उघडलेला माणूस सहसा जात नाही. कारखान्याच्या मालकाने कामगारांची पगाराची खाती ज्या बँकेत उघडली, तीच त्यांची जन्माची बँक होते. शेजारची बँक अर्धा टक्का व्याज जास्त देत असली तरी माणूस हलत नाही; कारण हप्ते तिथून जातात, विजेचे बिल तिथून जाते, चेकबुक तिथले असते. म्हणून बँका कामगारांच्या दारोदार हिंडत नाहीत. त्या मालकाकडे जातात, त्याला कर्जात थोडी सवलत देतात आणि पगाराची खाती मागून घेतात. ब्राउझरच्या जगात गेली तीस वर्षे हेच चालले आहे. फक्त रकमेपुढची शून्ये वाढली आहेत.

९ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारात नेटस्केप नावाच्या कंपनीचे शेअर्स पहिल्यांदा विक्रीस आले. कंपनी जेमतेम सव्वा वर्षाची होती. २८ डॉलरला दिलेला शेअर संध्याकाळी ५८ डॉलरवर बंद झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतातल्या सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. म्हणजे आपण या जगात शिरलो तेव्हा त्याच्या दारावर नेटस्केपची पाटी होती. ती फार दिवस टिकली नाही. मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. संगणक घेतला की ब्राउझर आलाच. मग दुसरा शोधायला जातो कोण? मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने आणि वीस राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी कायदा मोडल्याचा ठपका कायम ठेवला. तोवर नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली होती.

यानंतर जे झाले, ते निवडीचे महत्त्व समजण्यासाठी खटल्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी २००६ मध्ये. ज्या काळात इंटरनेट महिन्यागणिक बदलत होते, त्या काळात पाच वर्षे कंपनीला घाई वाटली नाही, कारण स्पर्धकच उरला नव्हता. ज्यांना त्या काळी मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर वाचण्याचा नाद होता, त्यांना आठवत असेल. प्रत्येकाचा टंक वेगळा; अनेकांची पाने एक्स्प्लोररमध्ये उघडली तरच मराठी दिसायचे, इतरत्र कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोड सर्वत्र रुजेपर्यंत मराठी वाचकाला अमेरिकेतल्या एका कंपनीचा ब्राउझर जणू सक्तीचा होता. आमच्या शाखेत तर मी २०१९ मध्ये निवृत्त झालो तेव्हाही एक जुना संगणक केवळ जुना एक्स्प्लोरर चालावा म्हणून जपून ठेवलेला होता. त्याला नवीन काही बसवायचे नाही, अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. एक ठरावीक विवरणपत्र दुसऱ्या कशातूनही भरले जात नसे. अखेर जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एक्स्प्लोररला निवृत्त केले.

नेटस्केपने मरण्यापूर्वी एक चांगले काम केले. १९९८ मध्ये तिने आपला आज्ञासंच जगासाठी खुला केला. त्यातून मोझिला हा प्रकल्प आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स निघाला. मग २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला. तो चपळ होता, नीटनेटका होता. तेव्हा लोकांनी तो आपण होऊन घेतला, हे कबूल केले पाहिजे. मात्र पुढे अँड्रॉइड फोन घरोघर पोचले आणि क्रोम त्यांच्याबरोबर आला. पुन्हा तीच पगाराच्या खात्याची गोष्ट. आज जगातले सुमारे दोन तृतीयांश लोक क्रोममधून इंटरनेट पाहतात.

या व्यवहाराचा आकडा किती, हे बराच काळ बाहेर येत नव्हते. ते आले वॉशिंग्टनच्या न्यायालयात. अमेरिकी सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर खटला भरला आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता (जन्म गुजरातेतल्या पाटणचा) यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. फोन आणि ब्राउझर उघडताच आपलेच शोधयंत्र पुढे यावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात इतर कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिले होते. त्या वेळच्या दराने जवळजवळ दोन लाख कोटी रुपये. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये सुमारे दोन हजार कोटी डॉलर मिळाले. ज्या निवडीसाठी तुमच्याआमच्याकडून कोणी एक पैसा मागत नाही, ती आपल्या डोक्यावरून एवढ्या किमतीला विकली जात होती. इतकी रक्कम मोजली जाते याचा अर्थ उघड आहे. शंभरातले बहुतेक लोक जे समोर येईल तेच वापरतात, याची विकत घेणाऱ्याला खात्री आहे.

२ सप्टेंबर २०२५ रोजी, क्रोमच्या बरोबर सतराव्या वाढदिवशी, याच न्यायाधीशांनी उपाय जाहीर केले. क्रोम विकून टाका, ही सरकारची मागणी त्यांनी मानली नाही. केवळ आमचेच ठेवा, असे करार करायला मनाई केली. पैसे देण्याला नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. युरोपची कथा जास्त मजेदार आहे. तिथे २०१० पासून विंडोजमध्ये बारा ब्राउझरांची यादी दाखवून 'यातला निवडा' असे विचारणे मायक्रोसॉफ्टला बंधनकारक होते. २०११ ते २०१२ या काळात तो पडदा दीड कोटी लोकांना दाखवायचा 'राहून गेला' आणि २०१३ मध्ये कंपनीला ५६ कोटी १० लाख युरो भरावे लागले.

मग निवडायचे काय? दुकानात नावे पुष्कळ दिसतात. पण एकाच डेअरीचे दूध वेगवेगळ्या पिशव्यांत भरून यावे, तसा प्रकार आहे. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सर्वांच्या आत गूगलने वाढवलेले क्रोमियम हेच यंत्र आहे. ॲपलच्या सफारीचे यंत्र वेगळे. फायरफॉक्सचे तिसरे. बाकी मोठे चौथे यंत्र नाही. पिशवीला महत्त्व नाही असे मात्र नाही. ब्रेव्हसारखा ब्राउझर तेच यंत्र घेऊन पाळत ठेवणाऱ्या जाहिराती मुळातच अडवतो.

पाळत म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. तुम्ही एका संकेतस्थळावर गुडघ्याचा पट्टा पाहता आणि मग आठवडाभर वृत्तपत्राच्या पानावर, पाककृतीच्या पानावर गुडघेच गुडघे दिसू लागतात. दोन्ही पानांवर जाहिरात देणारा तिसराच कोणी असतो आणि तो तुमच्या ब्राउझरमध्ये एक खुणेची चिठ्ठी ठेवतो. तिला कुकी म्हणतात. फायरफॉक्सने २०१९ मध्ये पाळतीच्या चिठ्ठ्या आपण होऊन अडवायला सुरुवात केली. सफारीने २०२० मध्ये तिऱ्हाइतांच्या सगळ्याच अडवल्या. गूगलनेही २०२० मध्ये दोन वर्षांत बंद करू असे जाहीर केले, मुदत वाढवीत नेली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिरातदाराची चिठ्ठी फाडावी, ही अपेक्षा म्हणजे सावकारानेच व्याजमाफीची चळवळ चालवावी अशी होती. क्रोमच्या 'गुप्त' खिडकीतही पाळत चालते, अशी तक्रार २०२० मध्ये न्यायालयात गेली आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. गुप्त खिडकी घरातल्या माणसांपासून लपवते, बाहेरच्यांपासून नव्हे. घरात तरुण मुले असतील तर हे त्यांना आवर्जून सांगावे.

मी स्वतः वाचनासाठी फायरफॉक्स वापरतो. त्याचे मराठी रूप उपलब्ध आहे, ते स्वयंसेवकांनी केले आहे. पण त्याची भक्ती करण्याचेही कारण नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा गूगलकडूनच येतो, तोही शोधयंत्र पुढे ठेवण्याबद्दल. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या देणगीवर उभा असलेला हा विरोधी पक्ष आहे. काही संकेतस्थळे त्यात नीट चालत नाहीत, कारण ती बांधणाऱ्यांनी फक्त क्रोममध्ये तपासलेली असतात. एक्स्प्लोररच्या काळाची ही पुनरावृत्ती पाहून माझ्यासारख्याला हसावे की रडावे कळत नाही.

स्वदेशी ब्राउझर हवा, असे अलीकडे बरेच जण म्हणतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या 'उला'ला एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. उलाच्या आतही क्रोमियमच आहे. त्यात कमीपणा नाही. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्पर्धेची एक अट अशी होती की ब्राउझरने भारतीय प्रमाणन व्यवस्थेचे मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून आतच बाळगावे. बँकेत डिमांड ड्राफ्ट आला की आम्ही सह्यांचे पुस्तक काढायचो; त्यात त्या अधिकाऱ्याची नमुना सही असेल तरच पैसे द्यायचे. ब्राउझरच्या पोटात असेच सह्यांचे पुस्तक असते. समोरचे संकेतस्थळ खरोखर बँकेचेच आहे, हे तो त्यावरून ठरवतो. या पुस्तकात कोणाची सही ठेवायची, हा देशप्रेमाचा विषय नसून खातेदाराच्या पैशांचा आहे. जुलै २०१४ मध्ये याच भारतीय व्यवस्थेखालच्या राष्ट्रीय सूचना केंद्राकडून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले होते आणि ती रद्द करावी लागली. दक्षिण कोरियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची सांकेतिक पद्धत काढली, ती फक्त एक्स्प्लोररमध्ये चालणाऱ्या जोडणीतून वापरली गेली आणि सारा देश स्वदेशीच्या वाटेने मायक्रोसॉफ्टच्या दारात अडकून पडला. सक्तीची ती जुनी प्रमाणपत्र व्यवस्था डिसेंबर २०२० मध्ये मोडीत निघाली. स्वदेशी ब्राउझर जरूर यावा. पण त्याचे सह्यांचे पुस्तक उघड्यावर तपासले जावे.

रिझर्व्ह बँकेने मात्र एक साधे आणि फार चांगले काम केले आहे. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीचे करावेत, असा तिचा आदेश होता. ही शेपटी बँकांनाच मिळते. ब्राउझर कोणताही असो, पैशाला हात लावण्यापूर्वी वरच्या पट्टीत शेपूट पाहावे. मी बँकेच्या कामासाठी दुसरा वेगळा ब्राउझरच ठेवला आहे. त्यात एकही जोडपुरवणी बसवलेली नाही आणि बँक, प्राप्तिकर, विमा यांखेरीज तो काही पाहत नाही. तिजोरीची खोली आणि ग्राहकांची खोली वेगळी असते, तसेच हे.

ब्राउझर बदलणे त्या मानाने सोपे आहे. अर्ध्या तासात खुणा, संकेतशब्द नव्या घरात नेता येतात. ईमेलचे तसे नाही, आणि खरी चिंता तिथे आहे. जुनी पिढी पत्रे संगणकावर उतरवून घ्यायची. युडोरा नावाचा एक लाडका कार्यक्रम होता. १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिलेला. पोस्टात राहायला गेलेल्या बाईची गोष्ट लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या लेखिकेचे नाव त्यांनी त्याला दिले. संगणकवाल्याने कथालेखिकेची अशी आठवण ठेवावी, याचा मला उगाच अभिमान वाटतो. मग ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी मुद्दाम, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. कुठल्याही संगणकावरून पत्र वाचा, हे त्यांचे स्वातंत्र्य. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. १ एप्रिल २००४ ला जीमेल आले आणि हॉटमेल दोन एमबी जागा देत असताना त्याने एक जीबी दिली, म्हणजे पाचशे पट. त्या बदल्यात पत्रातले शब्द यंत्र वाचायचे आणि शेजारी जाहिरात लावायचे. हा जाहिरातीपुरता प्रकार गूगलने २०१७ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. जागेच्या मोहाने आपण पत्रे घरी आणणे सोडले. पोस्टातच कपाट मिळाले होते ना!

पण तो पत्ता आता आधार, पॅन, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड, नातवाची शाळा अशा सतरा ठिकाणी दिलेला आहे. मोबाइल कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. ईमेलच्या पत्त्याला ती नाही. आमचे एक सहकारी २०२१ मध्ये अचानक गेले. गुंतवणुकीची सगळी विवरणे त्यांच्या ईमेलवर. त्या मेल कंपनीचे नाव घेत नाही. पण वहिनींनी मृत्यूचा दाखला पाठवला, अर्ज भरले, आणि प्रत्येक वेळी यंत्राने लिहिलेले तेच उत्तर आले. आठ महिने त्या प्रत्येक फंडाच्या कचेरीत स्वतः जाऊन बसत होत्या. चाळीस वर्षे इतरांना 'नॉमिनी लावा हो' सांगणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले.

थंडरबर्ड हा फायरफॉक्सच्या घराण्यातला मेलचा कार्यक्रम मी याच कारणासाठी वापरतो. तो लोकांच्या देणग्यांवर चालतो, त्यात जाहिराती नाहीत आणि सगळ्या पत्रांची प्रत माझ्या संगणकावर ठेवता येते. ती प्रत दर तीन महिन्यांनी मी एका वेगळ्या डिस्कवर उतरवतो. दिसायला तो जरा जुनाट आहे. आपल्यालाही कोणी जुनाट म्हणतेच. विंडोजमधला जुना मेल डिसेंबर २०२४ अखेर बंद होऊन त्या जागी नवा आउटलुक आला आहे. त्यात दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले, तर त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवर जाते. जोडण्यापूर्वी पडद्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. ज्यांना थोडा खर्च परवडतो, त्यांनी स्वतःच्या नावाचा पत्ता नोंदवून घ्यावा. मग मागची मेल कंपनी बदलली तरी पत्ता आपलाच राहतो.

आणि नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. गूगलच्या खात्यालाही अशी सोय २०१३ पासून आहे, तिचे नाव 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक'. तीन ते अठरा महिने तुम्ही खात्याकडे फिरकला नाहीत, तर कोणाला कळवायचे आणि काय काय त्यांच्या हाती द्यायचे, हे आधी सांगून ठेवता येते, दहा जणांपर्यंत. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते, तेव्हा मुदत त्याच्या आतलीच निवडावी. ॲपलमध्ये डिसेंबर २०२१ पासून 'लीगसी कॉन्टॅक्ट' आहे. दोन्ही कामांना मिळून पंधरा मिनिटे लागतात. चष्मा, फोन आणि ज्याचे नाव लावायचे ते माणूस, तिन्ही जवळ असावेत. फोन क्रमांक विचारतात.